कर्वेनगरातलं एक समुपदेशन केंद्र: माझी तेरा सेशन्स

आधी तक्रार. रिसेप्शनवर बसवून हातात क्यूआर कोड देतात: ‘तुमची अटॅचमेंट स्टाइल ओळखा.’ म्हणजे जवळच्या नात्यांत तुम्ही कसे वागता ते. दोन मिनिटांत निकालाचा गुलाबी प्रिंटआउट. माझा आला ‘भीतीयुक्त टाळाटाळ’. म्हणजे माणूस जवळ हवा, आणि जवळ आला की पळ काढायचा. मी छापखानेवाला, छापून आलेलं पटकन खरं वाटतं मला. घरी बायकोनं वाचलं आणि म्हणाली, “अहो, यासाठी पैसे मोजलेत? मला विचारायचं.”

समुपदेशक मॅडमनी मात्र तो कागद बाजूला सारला. अटॅचमेंट स्टाइल म्हणजे आजाराचं निदान नव्हे, म्हणाल्या. निदान असतं कॉम्प्लेक्स पीटीएसडीचं, म्हणजे बहुधा दीर्घकाळ सोसलेल्या आघातानंतर मागे राहणाऱ्या त्रासाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११मध्ये, ते वेगळं नोंदवलंय. जुनं पुन्हा अंगावर येणं, त्याची आठवण टाळणं, कायम सावध असणं; त्यावर आणखी तीन गोष्टी: भावना न आवरणं, स्वतःला कवडीमोल समजणं, नात्यांत अडचणी. असुरक्षित अटॅचमेंट असलेल्यांत, म्हणजे जवळच्यांचा भरवसा न वाटणाऱ्यांत, ही लक्षणं जास्त आढळतात, पण एकामुळेच दुसरं झालं असं त्यावरून म्हणता येत नाही. मला ते आहे की नाही, यासाठी त्यांनी सायकियाट्रिस्टकडे पाठवलं. ते इथे लिहीत नाही.

नारायण पेठेतल्या वाड्यात वडिलांच्या लूनाचा स्टँड खटकन लागला की आम्ही तिघं भावंडं रेडिओ बंद करायचो. आज हात उठणार की पेढे येणार, ते त्या आवाजावरून ओळखायचो. मॅडम म्हणाल्या, “ज्याच्याकडे धावायचं त्याचीच भीती, मग पोरानं जायचं कुठे?” अशा मुलांचा वेगळा गट मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली मांडला, अटॅचमेंटच्या त्याआधीच्या तीन गटांत ती नीट बसतच नव्हती.

आता दुसरी तक्रार, आणि तिथेच पैसे वसूल झाले. सहावं सेशन पाचचं. पाच वीस झाले तरी निरोप नाही. मी खाली उतरून गाडीला किल्ली लावली. मॅडमचा फोन तीनदा आला, उचलला नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी आधी माफी मागितली, मग म्हणाल्या, “त्या वीस मिनिटांचं क्रमानं सांगा.” पाच पाचला: विसरल्या. पाच दहाला: मीच नकोसा असणार. पाच पंधराला: यांची गरजच काय! आणि फोन वाजत असताना तो हातात धरून बसलो होतो. उचलायचा नव्हता, पण वाजतोय याचं बरं वाटत होतं. हे बोलायला पन्नास मिनिटं कमी पडली.

फी पंधराशे. वेळेचं भान शून्य, पार्किंग नाही. मॅडमना पाचपैकी साडेचार, केंद्राला दोन.

सोसायटीत कुणाच्या गाडीचा स्टँड लागला की पोटात अजूनही गोळा येतो. हल्ली माझी गाडी लावली की मी जिन्यात थांबतो आणि वर आमच्या घरातला टीव्ही चालू राहिलाय का, ते ऐकतो.