पाठीवर एक नंबर, पोटात दुसरंच मशीन

माझं ऑटोमॅटिक घड्याळ रोज रात्री थांबायचं. थांबायची वेळही जवळपास ठरलेली, बारा ते तीनच्या मध्ये. सकाळी बघावं तर वाराच्या खिडकीत दोन वार अर्धे-अर्धे अडकलेले. हातात घेऊन झुलवलं की सेकंदकाटा निमूट चालू लागायचा. लक्षण अगदी डोळ्यांसमोर होतं. तारीख आणि वार बदलताना मशीनला जास्त जोर लागतो, आणि कमानीत, म्हणजे घड्याळ चालवणाऱ्या गुंडाळलेल्या स्प्रिंगमध्ये, जेमतेम ताण उरलेला असला तर घड्याळ नेमकं तिथेच गळतं. पण तेव्हा एवढी अक्कल नव्हती. नेलं दुरुस्तीवाल्याकडे.

त्याने झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि अर्ध्या मिनिटात सांगून टाकलं, "ऑइल सुकलंय, कमान गेलीय, मॅग्नेटपण लागलंय. अख्खं मशीन खोलावं लागेल. आठ दिवस ठेवून जा."

एका नजरेत तीन आजार! कमान बंद डबीत असते, ती डबी उघडल्याशिवाय दिसतच नाही. मॅग्नेट लागलंय का, म्हणजे आतल्या भागांना चुंबकत्व आलंय का, हे बघायला घड्याळ होकायंत्राजवळ नेऊन सुई हलते का पाहावं लागतं, आणि मॅग्नेट लागलेलं घड्याळ सहसा पुढे पळतं. माझं तर चालू असेपर्यंत वेळेला चोख होतं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी मान डोलावली आणि पावती खिशात घातली. पावतीवर लिहिलं होतं, 'घड्याळ १, सर्व्हिसिंग'. मॉडेल नाही, मशीनचा नंबर नाही, काही नाही.

घड्याळ परत आलं ते झकास चालत होतं. पहिला आठवडा मी कौतुकाने झोपतानाही काढलं नाही. मग पुन्हा रात्री काढून ठेवायला लागलो आणि तिसऱ्या दिवशी तेच, वार अर्धा अडकलेला. परत गेलो तर म्हणाला, "तुमचं बैठं काम. हात हलत नाही, घड्याळ भरत नाही. त्याला मी काय करणार?"

त्याने मला सांगितलेली ही एकमेव खरी गोष्ट. फक्त ती त्याने पैसे घेण्याआधी सांगायला हवी होती.

ऑटोमॅटिक घड्याळात एक अर्धगोल वजन असतं, रोटर. मनगट फिरलं की ते फिरतं आणि कमानीला चावी बसते. माझं घड्याळ सेइको या जपानी कंपनीचं, त्यात हे काम 'मॅजिक लिव्हर' नावाची दोन नख्यांची छोटी पट्टी करते. ही युक्ती त्यांनी १९५९ मध्ये आणली. रोटर कुठल्याही बाजूला फिरो, चावी बसतेच. पण दिवसभर मनगट टेबलावर टेकवून नुसती बोटं चालवली तर रोटर बिचारा फिरणार कधी? पूर्ण भरलेलं माझं मशीन साधारण ४१ तास चालायला हवं. मी ते कधी पूर्ण भरतच नव्हतो.

घरबसल्या करायची तपासणी सोपी आहे, मला ती उशिरा सुचली एवढंच. ज्या मशीनला हाताने चावी देता येते, त्याला क्राऊन, म्हणजे बाजूची छोटी गुंडी, फिरवून पूर्ण चावी द्यायची (माझ्या मशीनला ५५ फेरे पुरतात) आणि घड्याळ टेबलावर ठेवून हातही लावायचा नाही. चाळीस तासांच्या आसपास चाललं तर मशीन धडधाकट आहे. दहा-बारा तासांत मेलं तर खरंच ऑइल, कचरा किंवा कमानीचा प्रश्न. आणि हाताने चावी दिल्यावर पूर्ण चालतं, पण दिवसभर हिंडून-फिरूनही रात्री थांबतं, तर रोटरचा स्क्रू आणि चावी भरणारी चाकं बघायला सांगायचं.

तर हीच तपासणी करायला मी बसलो आणि घाम फुटला. पूर्वी क्राऊन फिरवताना बोटांना बारीक करकर लागायची. आता तो नुसताच गरगर फिरत होता. वेळ लावायला क्राऊन ओढला, तर सेकंदकाटा चालूच! आधी तो जागच्या जागी थांबायचा, मोबाइलवरची वेळ बघून मी सेकंदासकट घड्याळ लावायचो.

दुसऱ्या एका जाणत्या कारागिराकडे गेलो. त्याने झाकण उघडायच्या आधी त्यावरचे आकडे वाचून दाखवले. सेइकोच्या झाकणावर आडव्या रेघेआधीची चार अक्षरं म्हणजे मशीनचा नंबर. माझ्या झाकणावर होतं ४आर३६. मग झाकण उघडून त्याने भिंग माझ्या हातात दिलं. आत नंबर होता ७एस२६, आणि रोटरवर २१ ज्वेल, म्हणजे चाकांची घासण कमी करणारे बारीक खडे. ४आर३६ मध्ये २४ असतात. दोन्ही मशीनना वार-तारीख आहे, दोन्ही त्याच डायलखाली बसतात, त्यामुळे बाहेरून पत्ता लागत नाही. ७एस२६ तसं दणकट मशीन, पण त्याला हाताने चावी देता येत नाही आणि क्राऊन ओढल्यावर सेकंद थांबत नाही.

म्हणजे धडधाकट मशीन काढून घेतलं, जुनं बसवलं आणि वर सर्व्हिसिंगचे पैसेही माझ्याकडूनच घेतले.

पहिल्या दुरुस्तीवाल्याला जाब विचारायला गेलो. तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या घड्याळात हेच मशीन होतं." झाकणावरच्या नंबरचं विचारलं तर म्हणाला, "झाकण आधीच कोणीतरी बदललं असेल." माझ्याकडे आतला एकही फोटो नव्हता. पावतीवर 'घड्याळ १'. निघालो.

परवा वडिलांचं घड्याळ ऑइलिंगला दिलं, त्या दुसऱ्या कारागिराकडेच. भीतभीतच म्हटलं, झाकण माझ्यासमोर उघडा, मशीनचा फोटो काढतो आणि नंबर पावतीवर लिहा. त्याने घड्याळ उजेडाकडे वळवलं, रोटर चिमट्याने बाजूला सरकवून धरला आणि म्हणाला, "जरा थांबा, नंबरवर सावली पडतेय. आता काढा."