गायोची कॉफी: दाट, मातकट आणि सौम्य आंबट

सुमात्राच्या उत्तरेकडील आचे प्रांतात, लाउत तावार सरोवराभोवतीच्या गायो डोंगराळ भागात पिकलेली अरेबिका कॉफी गेले तीन आठवडे मी रोज पीत आहे. डच व्यापाऱ्यांनी 1696 मध्ये मलबारहून जावात नेलेली रोपे पुरात गेली आणि 1699 मध्ये पुन्हा आणलेली रुजली, तिथून इंडोनेशियातील कॉफीची कथा सुरू होते; गायोपर्यंत ती बरीच उशिरा पोहोचली.

या कॉफीचे वेगळेपण मात्र इतिहासापेक्षा ‘गिलिंग बासाह’ या प्रक्रियेत आहे. इतरत्र बियांवरचे टरफल बियांतील ओलावा 11-12 टक्क्यांवर आल्यावरच काढतात; इथे, जिथे पावसामुळे वाळवण रखडते, हे टरफल बी ओले व मऊ असतानाच काढले जाते आणि उघडे बी नंतर वाळवले जाते. कच्चे दाणे त्यामुळे निळसर हिरवे दिसतात, काही तर टोकाशी चिरलेलेही असतात.

पहिल्याच घोटात पावसाने भिजलेल्या मातीचा आणि देवदारी लाकडाचा भास झाला, मागून किंचित मसालेदारपणा आला. आंबटपणा जवळजवळ नाहीच. कप निवत गेला तशी डार्क चॉकलेटसारखी कडवट गोडी वर आली, आणि मला तीच सर्वाधिक आवडली. कागदी गाळणीपेक्षा फ्रेंच प्रेसमध्ये तिचा दाटपणा चांगला टिकतो. फळांचा ताजेपणा शोधणाऱ्यांना ती बोजड वाटेल. तक्रार एकच: पाकिटावर भाजणीची तारीख नव्हती.