माळ राखायचा की जंगल वाढवायचं? खानदेशातल्या बरडाचा हिशेब

गावाच्या मालकीचा डोंगरउतार आहे, रोपं फुकट मिळताहेत आणि पाऊस तोंडावर आलाय. अशा वेळी ‘लावून टाका झाडं’ हेच आधी सुचतं. पण खड्डे खणण्याआधी दोन पर्याय शेजारी-शेजारी ठेवून बघा: गवताळ माळ आणि पानझडी जंगल. दोन्ही मूळचे इथलेच आहेत.

जगातले बरेच बायोम, म्हणजे हवामानानुसार बनलेले सजीवसृष्टीचे मोठे पट्टे, तापमान आणि पाऊस पाहून ओळखता येतात. वर्षाला 2000 मिमीच्या वर पाऊस आणि बारमाही ऊब असली की वर्षावन, 250च्या खाली वाळवंट, लांब कडक हिवाळा असला की सूचिपर्णी तैगा. घोळ आहे तो मधल्या उष्ण पट्ट्यात. तिथे तेवढ्याच पावसात सवाना, म्हणजे तुरळक झाडांचा माळ, होतो आणि जंगलही होतं. आफ्रिकेतल्या सवानांचा मोठा अभ्यास 2005 साली आला. त्यात साधारण 650 मिमीच्या खाली झाडं किती वाढावीत हे पाणीच ठरवतं आणि त्याच्या वर वणवा नि चरणारी जनावरं माळ उघडा ठेवतात, असं दिसलं. आपल्याकडे धुळे-शिंदखेड्याच्या बाजूला 500 ते 600 मिमी पडतो, नवापूरकडे हजाराच्या वर. म्हणजे ही सीमारेषा आपल्या दारातूनच जाते.

पावसाइतकीच माती बघा. आफ्रिकेतल्या सेरेंगेटी या माळरानाच्या आग्नेय भागात ज्वालामुखीच्या राखेखाली टणक थर आहे. मुळं खाली जाऊ शकत नाहीत, म्हणून मैलोन्‌मैल आखूड गवत आणि त्यावर वाइल्डबीस्टचे कळप. आपल्या बरडावर, म्हणजे उथळ खडकाळ जमिनीवर, वीतभर खाली मुरूम किंवा काळा पाषाण लागतो. तिथे लावलेलं रोप पहिला पावसाळा काढतं, पारा 45 पार करणारा मे मात्र काढत नाही. अपवाद अंजनाचा. खडकाच्या फटीत मूळ घालून उभं राहणारं याच्याइतकं चिवट झाड इकडे दुसरं क्वचितच असेल.

गवताला ही अडचण नाही. त्याचा कोंब जमिनीलगत सुरक्षित असतो. वरचं चरलं, वाळलं, अगदी जळलं तरी पहिल्या पावसात हिरवं होतं. मारवेल, पवन्या, शेडा ही चाऱ्याची चांगली गवतं. कुसळीही कोवळी असताना गुरं आवडीने खातात. तिचं बी मात्र बघण्यासारखं: टोकदार, मागे लांब काळसर शेपटी. दमट हवेत ही शेपटी पीळ सोडते, वाळली की पुन्हा पीळ घेते आणि बी स्क्रूसारखं मातीत घुसतं. मेंढीच्या लोकरीतून कातडीतही तसंच घुसतं, म्हणून कुसळं धरायच्या आत कापणी उरकावी. चिंकारा, लांडगा, खोकड, चंडोल ही माळाची मंडळी. दाट झाडोरा झाला की सावलीत ही गवतं मरतात आणि त्यांच्यावर जगणारेही हलतात.

दुसरीकडे सातपुड्याचं जंगल: साग, धावडा, सालई, मोह, टेंभुर्णी. उन्हाळ्यात पानं टाकून ही झाडं पाणी वाचवतात. ओकंबोकं दिसतं म्हणून मेलेलं समजू नये. रानपिंगळा हे छोटं घुबड इथलंच. 1884 नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती. 1997 साली तो शहाद्याजवळच्या विरळ रानात पुन्हा सापडला. मोहाची फुलं, टेंभुर्णीची पानं, चारोळी ही या रानाची मिळकत. पण त्यासाठी धीर हवा. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने 1990च्या दशकापासून 400 हेक्टरांहून जास्त जंगल राखलं. त्यासाठी या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे मुख्य काम झालं ते कुऱ्हाड थांबवण्याचं. बुंध्यांतून फुटवे आपसूक येतात.

धुळे तालुक्यातल्या लामकानीत पाऊस कमी. तिथल्या गावकऱ्यांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी करून डोंगरावर गवत परत आणलं. गवताचा फायदा दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यातच गोठ्यात दिसायला लागतो.

माझं मत विचाराल तर पूर्व धुळे, शिंदखेडा, पारोळ्याच्या उथळ बरडावर माळच राखा. आधीची बोर, हिवर, अंजन असतील तर राहू द्या. नवापूर, अक्कलकुवा, धडगाव, पश्चिम साक्रीत जुने बुंधे शिल्लक असतील तर जंगल येऊ द्या. गिरिपुष्प नि निलगिरी दोन्हीकडे नको. शंका असेल तर उतारावर वर, मध्ये आणि खाली असे तीन खड्डे घेऊन बघा. खाली ओघळाशी माती खोल लागली तर तेवढ्याच पट्ट्यात झाडं लावा.

खरी अडचण पुढेच आहे. चराई बंद केली तर ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या कुठे जाणार? सगळा डोंगर एकदम बंद न करता आळीपाळीने तुकडे बंद ठेवता येतात. पण ग्रामसभेची तारीख ते गावात असतील तेव्हाची ठेवा, नाहीतर ठराव कागदावर राहील आणि रात्री मेंढ्या आत शिरतील.