रक्त न काढताच ‘पीआरपी’: गुडघेदुखीच्या पॅकेजपासून सावध

सिंहगड रस्त्यावरच्या एका पेन क्लिनिकने आमच्या सोसायटीत मोफत गुडघेदुखी शिबिर लावलं. एक्स-रे बघून आईला सांगितलं, “गादी झिजलीय, पण ऑपरेशन नको. तुमच्याच रक्तातून पीआरपी करू, गादी परत भरून येईल.” तीन इंजेक्शनांचं पॅकेज 60 हजार, आजच भरलेत तर सवलत.

पीआरपीत रुग्णाचंच रक्त काढून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि प्लेटलेट्सचा पिवळसर भाग सांध्यात देतात. इथे फ्रिजमधून भरलेली सिरिंज आली, आत दुधाळ पांढरं औषध. आईने रक्ताचं विचारलं तर कंपाउंडर म्हणाला, “काकू, शिबिरात घेतलं होतं ना!” शिबिरात शुगरसाठी बोटाला सुई टोचली होती. तो एक थेंब!

दोन दिवसांत दुखणं गायब. आईने शेजारच्या दोघींना नंबरसुद्धा दिला. मग शुगर 300 च्या वर गेली आणि आमच्या फॅमिली डॉक्टरांना लगेच स्टेरॉइडची शंका आली. स्टेरॉइड वाईट नाही, सुजलेल्या गुडघ्यात सर्रास देतात, पण काही शे रुपयांत होतं आणि मधुमेह्याला आधी सांगावं लागतं. खऱ्या पीआरपीचंही फार कौतुक नको: ऑस्ट्रेलियात 288 रुग्णांवर झालेल्या, 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर दुखणं आणि गादीची झीज या दोन्हींत मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा विशेष फरक दिसला नाही.

दुखणं परतलं तेव्हा क्लिनिकने आरएफ सुचवलं, म्हणजे नस जाळणं. त्याआधी त्या नसेजवळ भुलीचं औषध देऊन ‘टेस्ट ब्लॉक’ करतात. काही तास दुखणं बरंच कमी झालं तरच पुढे जायचं. हे आम्हाला सरकारी रुग्णालयातल्या पीएमआर (फिजिकल मेडिसिन आणि पुनर्वसन) विभागात कळलं. क्लिनिकचं उत्तर: “त्याची गरज नसते.” जाळलेली नस काही महिन्यांनी पुन्हा वाढते, हेही तिथे कोणी बोललं नाही.

पावतीवर फक्त ‘प्रोसिजर चार्जेस’. औषधाचं नाव नाही, बॅच नंबर नाही. केसपेपर लेखी मागितले की डॉक्टरने 72 तासांत द्यायचे असतात, आम्हाला उत्तर मिळालं, “रजिस्टर सीएकडे आहे.” महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार दिलीय, ग्राहक आयोगातही. तिथे भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी लागत नाही.

रिसेप्शनवरून आईला अजून फोन येतो: “काकू, तुमची दोन इंजेक्शनं शिल्लक आहेत, या महिन्यात एक्स्पायर होतील.”