मिनरल वॉटर, आरओ की नळाचं पाणी? आधी लेबलवरचे आकडे वाचा

बंद बाटलीतलं प्रत्येक पाणी मिनरल वॉटर नसतं. बऱ्याच बाटल्यांत शुद्ध केलेलं साधंच पाणी असतं. त्यातले मूळचे क्षार आरओने काढलेले असतात आणि चवीपुरते थोडे परत घातलेले असतात. खरं मिनरल वॉटर जमिनीखालच्या ठरावीक स्रोतातून येतं, तिथेच बाटलीत भरलं जातं आणि त्यातल्या क्षारांचं प्रमाण वर्षभर जवळपास सारखंच राहतं. अमेरिकेच्या नियमांत मिनरल वॉटर म्हणवून घ्यायला लिटरमागे किमान 250 मि.ग्रॅ. विरघळलेले क्षार लागतात. युरोपात मात्र 50 मि.ग्रॅ.हून कमी क्षारांचं पाणीही याच नावाने विकता येतं. म्हणजे नुसत्या नावावरून फायद्याचा अंदाज बांधता येत नाही.

दोन प्रसिद्ध बाटल्या शेजारी ठेवून बघा. एव्हियाँच्या लेबलवर लिटरमागे साधारण 80 मि.ग्रॅ. कॅल्शियम आणि 26 मि.ग्रॅ. मॅग्नेशियम दिसतं. गेरोलश्टायनरमध्ये कॅल्शियम 350च्या आसपास आणि मॅग्नेशियम शंभरच्या थोडं वर. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे 1000 मि.ग्रॅ. कॅल्शियम आणि 310 ते 420 मि.ग्रॅ. मॅग्नेशियम लागतं. पहिल्या पाण्याच्या लिटरभरातून कॅल्शियमची जेमतेम 8 टक्के गरज भागते, दुसऱ्यातून तिसरा हिस्सा. पाण्यातलं कॅल्शियम शरीरात दुधातल्याइतकंच चांगलं शोषलं जातं. त्यामुळे ज्यांना दूध पचत नाही, त्यांना दुसऱ्या प्रकारच्या पाण्याचा खरोखर उपयोग आहे. पहिलं पाणी चवीला छान, पण पोषण म्हणून त्याकडून फारशी अपेक्षा नको.

आता नळाचं पाणी. कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे पाण्याला येणाऱ्या जडपणाला कठीणता म्हणतात. पाण्याच्या तपासणी अहवालात ‘कॅल्शियम कठीणता’ असा आकडा असतो आणि तो कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात दिलेला असतो. त्याला 0.4 ने गुणलं की प्रत्यक्ष कॅल्शियम मिळतं. अहवालात 200 लिहिलं असेल तर लिटरमागे 80 मि.ग्रॅ., म्हणजे एव्हियाँइतकंच. मॅग्नेशियम कठीणतेला 0.24 ने गुणायचं. अहवालात फक्त एकूण कठीणता दिली असेल तर ही फोड करता येत नाही. दोन्ही आकडे वेगळे मागून घ्यावेत. ज्यांच्या नळाला जड पाणी येतं आणि ते जंतूंच्या व विषारी घटकांच्या दृष्टीने सुरक्षित आहे, ते क्षारांच्या हिशेबाने मिनरल वॉटरच पीत असतात, फक्त बाटलीशिवाय.

जड पाणी उकळलं की त्यातलं काही कॅल्शियम खाली बसतं. किटलीच्या तळाला दिसणारा पांढरा थर तोच. घरात सॉफ्टनर असेल तर वेगळीच गोष्ट: तो कॅल्शियम काढून सोडियम सोडतो, 100 मि.ग्रॅ. कठीणतेमागे सुमारे 46 मि.ग्रॅ. म्हणून पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवर ठेवावा.

आरओमधून विरघळलेले क्षार नव्वद टक्क्यांहून जास्त निघून जातात, चांगले-वाईट असा भेद न करता. पाण्यात आर्सेनिक, जास्त फ्लोराइड किंवा नायट्रेट असेल, किंवा ते चवीलाच खारट असेल, तर आरओ उपयोगाचा. पण अडचण फक्त जंतूंची असेल तर उकळणं पुरतं. पाणी स्वच्छ दिसत असेल तर यूव्हीही चालतं. अशा वेळी आरओ बसवला तर क्षार जातात आणि बरंचसं पाणी निचऱ्यात वाया जातं. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण, आणि टीडीएस कंट्रोलर म्हणजे न गाळलेलं थोडं पाणी गाळलेल्यात मिसळणारी झडप. ज्या कारणासाठी आरओ घेतला, तेच आर्सेनिक किंवा नायट्रेट त्या वाटेने परत येतं. अशा पाण्यासाठी ती झडप बंद ठेवावी, आणि क्षार हवेच असतील तर मिनरल कार्ट्रिज वापरावं. टीडीएस मीटरच्या आकड्यावरही फार विसंबू नये. ते फक्त विजेची वाहकता मोजतं. 300 हा आकडा कॅल्शियममुळे आला की सोडियममुळे हे त्याला कळत नाही, आणि जंतू तर त्याला दिसतच नाहीत.

मिनरल वॉटर विकतच घ्यायचं ठरलं, तर गरज ओळखून घ्यावं. बद्धकोष्ठता असेल तर सल्फेट आणि मॅग्नेशियम जास्त असलेलं पाणी शोधावं. सल्फेट लिटरमागे 1000 मि.ग्रॅ.च्या वर असलेल्या पाण्याने पोट साफ व्हायला मदत होते. अर्ध्या लिटरपासून सुरुवात करून हळूहळू वाढवावं. एकदम लिटर-दीड लिटर घेतलं तर जुलाब होऊ शकतात. कॅल्शियमने मुतखडा होतो म्हणून असं पाणी टाळणं बहुतेकांच्या बाबतीत चुकीचं. जेवताना घेतलेलं कॅल्शियम अन्नातल्या, खडा बनवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतं. खडा टाळायला सर्वांत जास्त उपयोग होतो तो एकूण पाण्याचा: दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं प्यावं, पाणी कुठलंही असो.

रक्तदाब असलेल्यांनी सोडियमची ओळ आधी बघावी. फ्रान्सच्या ‘विशी’सारख्या काही फसफसत्या पाण्यात लिटरमागे हजार मि.ग्रॅ.हून जास्त सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसभराची मर्यादा 2000 मि.ग्रॅ. सांगितली आहे, म्हणजे लिटरभरात अर्धी संपली. युरोपात 20 मि.ग्रॅ.हून कमी सोडियमचं पाणी कमी-सोडियम आहाराला योग्य म्हणून विकलं जातं. तोच निकष धरावा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर जास्त क्षारांचं पाणी डॉक्टरांना विचारूनच. फ्लोराइड 1.5 मि.ग्रॅ.हून जास्त असेल तर ते पाणी लहान मुलांना रोज देऊ नये. बाळाच्या पावडरच्या दुधासाठी कमी क्षारांचं, कमी सोडियमचं पाणी घ्यावं आणि तेही उकळून. युरोपीय नियमांनुसार नैसर्गिक मिनरल वॉटर निर्जंतुक केलेलं नसतं.

औषधांचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. हाडांसाठीची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी मिनरल वॉटरबरोबर घ्यायचीच नाही, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिक्सना आणि थायरॉइडच्या लेव्होथायरॉक्सिनलाही कॅल्शियम अडवतं. लेव्होथायरॉक्सिन आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. या गोळ्यांसाठी घरात कमी क्षारांचं पाणी हाताशी असलेलं बरं. इथे आरओचं पाणी उलट सोयीचं.

पाणी नुसतं फसफसतं आहे म्हणून त्यातले क्षार कमी-जास्त होत नाहीत. ज्यांना ढेकर, पोटफुगी किंवा आम्लपित्त होतं, त्यांनी साधं घ्यावं. दातांची काळजी करणाऱ्यांना नुसतं फसफसतं पाणी साखर घातलेल्या शीतपेयांपेक्षा कितीतरी सौम्य, पण लिंबाची चव घातलेलं असेल तर आम्ल वाढतं.

प्लास्टिकच्या बाटल्या उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नयेत. पाण्याला प्लास्टिकचा वास लागतो आणि बाटलीतले काही घटक पाण्यात जास्त उतरतात. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावी. तोंड लावून प्यायली असेल तर त्याच दिवशी.