कोर्फबॉलचा हलता खांब-संच: देशभरातल्या शाळांसाठी कोणता घ्यावा?

उंच खांबावरच्या टोपलीत चेंडू टाकायचा कोर्फबॉलसारखा, कमी लोकांना ठाऊक असलेला सांघिक खेळ देशभर न्यायचा म्हटलं, की पैसा आधी चेंडूंवर आणि शिबिरांवर जातो. खेळ टिकतो तो मात्र शाळेत खांब उभा राहिला तरच. फुटबॉलचा गोल दोन दगडांनीही होतो, 3.5 मीटर उंचीवरच्या टोपलीला तशी पळवाट नाही.

संचाचे मुख्य प्रकार दोन: पोलादी पत्र्याचा तळ, नाहीतर वाळू किंवा पाणी भरायचा प्लास्टिकचा पोकळ तळ. आमचं मत स्पष्ट आहे, पोलादी घ्या. खांबाच्या वरच्या टोकाशी 5 किलोइतका आडवा जोर बसला, तर 80 सेंमी रुंद तळाचा संच उलटू नये म्हणून त्याचं वजन किमान 44 किलो हवं. 80 बाय 80 सेंमीचा, 1 सेंमी जाड पत्रा एकटाच 50 किलो भरतो. 30 लिटरच्या पोकळ तळात पाणी मावतं 30 किलोच, कोरडी वाळू त्याच्या दीडपट. पाणी तर नकोच, कारण बूच गळून तळ हलका झालेला बाहेरून कळत नाही. वाळू ओली भरली तर आत गच्च बसते आणि पुन्हा उपसता येत नाही.

त्याहून मोठी खोट प्लास्टिकच्या तळाच्या उंचीची. रिबाउंडसाठी, म्हणजे नेम हुकून परतलेला चेंडू पकडायला, खेळाडू खांबाला अगदी खेटून उभे राहतात, वर बघत मागे सरकतात, आणि फुगीर तळ नेमका पायात येतो. सपाट पत्र्यावर पाय ठेवता येतो. मात्र त्याचे कोपरे गोल केलेले हवेत, आणि चाकं एकाच कडेला अशी बसवलेली हवीत की खांब उभा असताना ती जमिनीपासून सुटी राहतील. तसं नसेल तर तळ डुगडुगतो.

उंची 2.5, 3 आणि 3.5 मीटर अशी बदलता येईल असाच खांब मागवा. लहान मुलांना थेट 3.5 मीटरवर नेमबाजी करायला लावली, की ती कंबरेतून झटका देऊन चेंडू भिरकावतात. ती सवय पुढे मोडत नाही. खांबाच्या एकात एक बसणाऱ्या दोन नळ्यांचा जोड स्प्रिंगच्या खटक्याचा असेल तर भोक झिजून लंबगोल होतं, वरची नळी फिरते आणि मैदानाच्या मध्याकडे असायला हवी ती टोपली भलतीकडे वळते. आरपार बोल्ट आणि फुलपाखरी (हाताने पिळायचा, दोन पंखांचा) नट हा जोड सर्वात भरवशाचा. दोन्ही नळ्यांवर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली, की नळी फिरली तर लांबूनच दिसतं.

किती घ्यायचे? सामन्याला दोन खांब लागतात, म्हणून शाळेमागे दोनच खांब धरले जातात, आणि योजना इथेच फसते. 40 जणांच्या वर्गात दोन खांबांपैकी प्रत्येकावर चार विरुद्ध चार खेळवले तर 16 जण खेळतात, 24 जण बघत बसतात. चार खांब दिले तर 32 जण खेळतात आणि उरलेले आठ जण पंच व गुणलेखक होतात. निधी कमी असेल तर शाळा कमी करा, खांब नको. चेंडू दोघांत एक पुरे: मोठ्यांना 5 नंबर, लहानांना 4 नंबर.

संचासोबतच्या माहितीपत्रकात आकृत्या असतात, पण वाद जिथे होतात ते नसतं. बचावपटू खांब आणि नेमबाज यांच्या मध्ये, हाताच्या अंतरावर, नेमबाजाकडे तोंड करून चेंडू अडवायचा प्रयत्न करत असेल, तर नेम मारता येत नाही. नवख्या वर्गात बरेच तंटे याच नियमावरून होतात, म्हणून शिक्षकांच्या प्रशिक्षणात तो मैदानावर करून दाखवावा. संघात चार मुलगे आणि चार मुली असतात आणि मुलीला मुलगीच, मुलाला मुलगाच अडवतो. त्यामुळे शाळा निवडताना पटावरची एकूण संख्या बघून भागत नाही, दोघांचे आकडे वेगवेगळे तपासावे लागतात. मैदान 40 बाय 20 मीटर, खांब मागच्या रेषेपासून 6.67 मीटरवर, त्यासाठी मोजपट्टी वेगळी मागवा.

सगळ्या शाळांना एकाच व्यासाची नळी द्या. तसं केलं तर दहा शाळांमागे एक सुट्या भागांची पेटी पुरते: दोन टोपल्या, त्यांच्या पकडी, डझनभर बोल्ट-नट आणि जोडावर लावायचं ग्रीस. पावसाचं पाणी जोडातच साचतं आणि गंज तिथूनच धरतो.