क्वांटम डॉट जोडलेली सीडी19 अँटिबॉडी: वर्षभराच्या वापरानंतर

रक्ताच्या कर्करोगावर उपचार झाल्यावर बोन मॅरोमध्ये रोगाच्या किती पेशी उरल्या आहेत, हे फ्लो सायटोमीटरवर पाहणे हे आमच्या प्रयोगशाळेचे रोजचे काम आहे. दहा हजारांत एक, म्हणजे 0.01 टक्का, इतक्या विरळ पेशी शोधायच्या असतात. त्यांतल्या निदान 50 हाती लागाव्यात म्हणून एका नमुन्यातल्या 5 लाख पेशी एकापाठोपाठ एक लेझरसमोरून वाहू द्याव्या लागतात. या कामासाठी सीडी19 ला, म्हणजे बी प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाला चिकटणारी आणि 655 नॅनोमीटरला, म्हणजे लाल रंगात, उजळणारी ही अँटिबॉडी आम्ही वर्षभर वापरली.

तिच्यावरचा डॉट म्हणजे झिंक सल्फाइडचे कवच असलेला कॅडमियम सेलेनाइडचा अतिसूक्ष्म कण. पदार्थ तोच ठेवून कण मोठा केला की त्याचा प्रकाश लालीकडे सरकतो. याच कणांसाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. 405 नॅनोमीटरच्या जांभळ्या लेझरने तो उत्तम उजळतो आणि त्याच्या प्रकाशाचा पट्टा अरुंद असतो. पीई-सीवाय7 सारखा, पीई आणि सीवाय7 हे दोन रंग जोडून केलेला जोडरंग उजेडात राहिला तर तुटतो आणि पीईच्या डिटेक्टरमध्ये खोटा प्रकाश दाखवतो; ती धास्ती इथे उरली नाही, आणि माझ्या दृष्टीने हाच या अँटिबॉडीचा सर्वांत मोठा गुण आहे. मात्र निळा लेझरही डॉटला उजळवतो, त्यामुळे कॉम्पेन्सेशन, म्हणजे एका रंगाचा दुसऱ्याच्या डिटेक्टरमध्ये सांडलेला प्रकाश वजा करणे, मन लावूनच करावे लागते.

एकदा मात्र आम्ही फार घाबरलो. उपचार संपलेल्या एका मुलाच्या नमुन्याच्या आलेखात सीडी19 च्या अक्षावर, अगदी उजव्या कडेला, पंधरा-वीस ठळक ठिपके दिसले. साइड स्कॅटरवर, म्हणजे बाजूला विखुरलेल्या प्रकाशाच्या मापावर, ते पेशींच्या जागी बसत नव्हते, म्हणून रिपोर्ट थांबवला. अँटिबॉडीची व्हायल (छोटी बाटली) सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून फक्त वरचे द्रावण घेतले आणि नमुना पुन्हा रंगवला, तेव्हा ठिपके नाहीसे झाले. ते डॉटचे गोळे होते. जिथे 50 पेशींवर एका मुलाचा पुढचा उपचार ठरतो, तिथे ही पायरी गाळणे अक्षम्य आहे. व्हायल फ्रीझरमध्ये ठेवू नये, कारण गोठल्यावरही असेच गोळे होतात.

किंमत एफआयटीसी या नेहमीच्या हिरव्या रंगाच्या अँटिबॉडीपेक्षा बरीच जास्त आहे. यंत्रात जांभळा लेझर असेल आणि पेशीच्या पृष्ठभागावरचे प्रथिन पाहायचे असेल, तर ती जरूर घ्यावी. टीडीटीसारख्या पेशीच्या आतल्या प्रथिनासाठी मात्र आम्ही साधे रंगच ठेवले आहेत, कारण कवच आणि अँटिबॉडी धरून हा कण आत शिरायला फार मोठा ठरतो.